चिल्लरीतला ऐवज

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि कोंबडीच्या पेशीत ७८. हे वाक्य घरात चार माणसे जमली असताना सहज उच्चारून पाहावे. कुणीतरी हसते, कुणीतरी 'छट्, काहीतरीच' म्हणते आणि एखादे चौकस नातवंड विचारते, "म्हणजे कोंबडी आपल्यापेक्षा हुशार?" प्रश्न पोरकट नाही. आकडा दिसला की त्याची उतरंड लावायची, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. परीक्षेतले गुण, पगाराची श्रेणी, इमारतीचा मजला, सगळीकडे जास्त म्हणजे वरचा. मग गुणसूत्रांनी काय पाप केले?

पण ही उतरंड पक्ष्यांच्या बाबतीत जितकी कोसळते तितकी क्वचितच कुठे कोसळत असेल. अंगणातल्या चिमणीची गुणसूत्रे ७६. खिडकीच्या छज्जावर घाण करणाऱ्या पारव्याची ८०. शहामृगाचीही ८० आणि ऑस्ट्रेलियातल्या एमूचीही ८०. कुठे शहामृग, कुठे पारवा! बहुसंख्य पक्षी या ऐंशीच्या आगेमागेच घुटमळतात. आणि मग एकाएकी अपवाद सुरू होतात. आकाशातून दगडासारखा कोसळून भक्ष्य टिपणाऱ्या बहिरी ससाण्याची गुणसूत्रे अवघी ५०. त्याचा भाऊबंद खरुची, ५२. माळरानावर दिवसभर निश्चल बसणारा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा करवानक. त्याच्या युरोपातल्या जातीची जुन्या नोंदीत ४० आणि २००९ सालच्या अभ्यासात ४२. उलट दिशेला डोक्यावर तुरा मिरवत हिरवळीत चोच खुपसणारा हुदहुद, त्याची १२६. तळ्याकाठच्या छोट्या खंड्याचा आकडा तर १३०च्या पुढे जातो. चोच, पंख, पिसे, अंडी हा सगळा जामानिमा तोच. हिशेबाच्या वहीतले आकडे मात्र तिपटीने वेगळे.

असे का व्हावे?

गुणसूत्र म्हणजे काय, याची उजळणी दोन वाक्यांत करून घेऊ. आपल्याला आईबापांकडून मिळालेल्या सूचनांचा, म्हणजे जनुकांचा, एक फार लांब धागा असतो. तो सलग नसतो, तुकड्यांत असतो, आणि पेशी दुभंगायची वेळ आली की प्रत्येक तुकडा गुंडाळला जाऊन आखूड काडीसारखा दिसू लागतो. ती काडी म्हणजे गुणसूत्र. निम्म्या काड्या आईच्या, निम्म्या बापाच्या, म्हणून जोड्या. माणसात २३ जोड्या, कोंबडीत ३९.

माझी नोकरी बँकेतली. त्यामुळे मला हा प्रकार कळायला जीवशास्त्रापेक्षा रोकड विभाग अधिक उपयोगी पडला. एक लाख रुपये पाचशेच्या दोन गड्ड्यांत मावतात. तेच लाख रुपये दहाच्या नोटांत मागितले तर शंभर गड्ड्या होतात. तुम्ही गड्ड्या मोजल्यात तर दुसरा माणूस पहिल्याच्या पन्नासपट श्रीमंत ठरेल! गुणसूत्रांचा आकडा हा असा गड्ड्यांचा आकडा आहे. आत ऐवज किती आणि कोणता, हे तो सांगत नाही. कोंबडीचा सगळा जनुकीय धागा माणसाच्या धाग्याच्या सुमारे एकतृतीयांश लांबीचा आहे. लहान पोतडी, पण गड्ड्या जास्त.

याचे सर्वांत नवलाचे उदाहरण पक्ष्यांत नाही, ते आपल्या रानात भुंकते आहे. भारतीय भेकराच्या मादीची गुणसूत्रे अवघी सहा आणि नराची सात. १९७० साली डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच कुळातल्या चिनी भेकराची ४६. दोघांना शेजारी उभे केले तर रानात फिरणारा माणूसही क्षणभर गोंधळेल. चिनी भेकराकडे जे सुटे आहे, तेच भारतीय भेकराकडे टोकाला टोक चिकटून लांबच लांब झालेले आहे. ससाण्यांत, करवानकांत झाले ते हेच: तुकडे जुळले. हुदहुद आणि खंड्याच्या वंशात उलटे घडले: तुकड्यांचे आणखी तुकडे झाले.

इथवर सोपे आहे. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती मोजणाऱ्यांची आहे.

मोजणे हे काम आपण फार हलके समजतो. रोखपालाला विचारा. माणसाची गुणसूत्रे मोजायला शास्त्रज्ञांना किती वेळ लागला असेल? १९२३ साली थिओफिलस पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आकडा जाहीर केला, ४८. मोठा सावध माणूस. त्याच्या स्वतःच्याच काही स्वच्छ चित्रांत ४६ भरत होती. पण छापला गेला तो ४८. पुढची तेहेतीस वर्षे पाठ्यपुस्तकांत ४८, प्रश्नपत्रिकेत ४८ आणि ज्याला ४६ दिसली त्याने आपल्याच डोळ्यांत दोष शोधला. १९५२ साली टेक्सासमधल्या टी. सी. श्यू यांच्या प्रयोगशाळेत मिठाचे द्रावण कुणाकडून तरी पातळ झाले, पेशी पाणी पिऊन फुगल्या आणि एकमेकांवर चढलेली गुणसूत्रे सुटी सुटी पसरली. इतकी स्वच्छ गुणसूत्रे तोवर कुणी पाहिली नव्हती. आणि तरीही श्यू यांनी आकडा दिला तो ४८! अखेर १९५५च्या डिसेंबरात स्वीडनमधल्या लुंड इथे, जावामध्ये जन्मलेल्या जो हिन त्जिओ यांनी तेच पातळ द्रावण वापरून ४६ मोजली आणि आल्बर्ट लेव्हान यांच्याबरोबर १९५६ साली ती छापली. छापील आकड्याचा दरारा डोळ्यांपेक्षा मोठा असतो. आमच्याकडे एकदा वरच्या कार्यालयातून बेरीज आली की खालच्या शाखेत रोकड पुन्हा मोजायची कुणाची छाती होत नसे, त्यातलाच हा प्रकार.

या कामात पेशीला ऐन दुभंगण्याच्या क्षणी थांबवावे लागते. त्यासाठी वापरतात ते कोल्चिसीन, जे आपल्या कळलावीच्या कंदातही असते. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच ती.

माणसाची सेहेचाळीस मोजताना हे हाल. मग पक्ष्यांचे काय झाले असेल? पक्ष्यांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पसरली की चित्र असे दिसते: आठ-दहा जोड्या ठसठशीत, ओळखता येतील अशा; आणि बाकीच्या तीसेक जोड्या म्हणजे नुसते ठिपके. फळा पुसल्यावर खडूची भुकटी उरावी तसे. एक ठिपका दुसऱ्यामागे लपतो, एखादा रंगाच्या डागासारखा दिसतो, एखादा खरोखरच डाग असतो. कोंबडीचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळे दिले. काहींनी तर ही ठिपकुली गुणसूत्रे खरी गुणसूत्रेच नव्हेत, ती पेशीतली कसलीतरी जोडसामग्री असावी, त्यांची संख्या कमीजास्त झाल्याने काही बिघडत नाही, असेही म्हणून टाकले. थोडक्यात, चिल्लर. नोटा मोजा, चिल्लर पोत्यात घाला आणि वजनावर हिशेब मिटवा.

आणि इथेच सगळा ऐवज निघाला.

आज त्यांना सूक्ष्मगुणसूत्रे म्हणतात. कोंबडीच्या एकूण जनुकीय धाग्याचा जेमतेम पाव हिस्सा त्यांच्यात आहे, पण जनुकांपैकी निम्म्याच्या आसपास जनुके तिथे दाटीवाटीने बसलेली आहेत. मोठ्या गुणसूत्रांत पानेच्या पाने पुनरुक्तीची. या ठिपक्यांत मात्र कामाच्या ओळीला ओळ लागलेली. एकच उदाहरण देतो. बाजारात मिळणाऱ्या कित्येक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. कोंबडी ही तांबड्या रानकोंबड्याची वंशज, हे डार्विनपासून ऐकतो आहोत. पण पिवळ्या कातडीचे जनुक त्या रानकोंबड्याकडून आलेले नाही. ते आले करड्या रानकोंबड्याकडून, असे २००८ साली सिद्ध झाले. हा करडा रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाचाच. सह्याद्रीत पहाटे त्याची अडखळती बांग ऐकू येते. जगभरच्या कोंबड्यांच्या पायांवर आपल्या रानाची ही सही आहे आणि ती ज्यावर लिहिली आहे ते चोविसावे गुणसूत्र ठिपक्यांपैकीच एक आहे.

२००४ साली तांबड्या रानकोंबड्याच्या एका मादीच्या जनुकीय धाग्याचे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पक्ष्यांपैकी हे पहिलेच. पण त्या वाचनात सर्वांत बारीक गुणसूत्रे जवळजवळ नव्हतीच. यंत्रांनाही ती हाती लागेनात. ती पूर्णपणे वाचली गेली ती २०२३ साली, एकोणीस वर्षांनी. चिल्लर मोजायला वेळ लागतो, हे यंत्रालाही चुकले नाही.

ही ठिपकुली आली कुठून? पूर्वी समजूत अशी की मूळची मोठी गुणसूत्रे तुटून पक्ष्यांत हा चुरा झाला असावा. २०२१ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ही समजूत उलटी केली. पक्ष्यांची सूक्ष्मगुणसूत्रे त्यांनी सरडे, साप, कासवे यांच्याशी ताडून पाहिली, जुळली. मग त्यांनी ती अँफिऑक्सस नावाच्या, वाळूत राहणाऱ्या, कणा नसलेल्या चिमुकल्या सागरी जीवाशी ताडली, तिथेही जुळली. त्या जीवाची आणि कणा असलेल्या प्राण्यांची वाट पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. याचा अर्थ हा चुरा नव्हेच. हे मूळ चिरे आहेत. आपण सस्तन प्राण्यांनी ते मोडून, कालवून, मोठ्या भिंतींत लिंपून टाकले. पक्ष्यांनी ते जसेच्या तसे ठेवले. त्याआधी २०१८ साली इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी कासवे आणि पक्षी यांची तुलना करून असा निष्कर्ष काढला होता की डायनोसॉरची गुणसूत्रेही पुष्कळशी आजच्या पक्ष्यांसारखीच, ऐंशीच्या घरात असणार. म्हणजे पारव्याचा आकडा हा डायनोसॉरचा आकडा. छज्जावरच्या घाणीकडे यापुढे जरा आदराने पाहायला हवे, पण ते जमेलसे वाटत नाही.

इतकी कोटी वर्षे हा आकडा का टिकला असेल? एक उत्तर मला पटते. पिले होताना आईबाप आपल्या जोड्यांतले एकेक गुणसूत्र उचलून देतात; कुठल्या जोडीतले कुठले, हे चिठ्ठी टाकल्यासारखे. माणसाच्या २३ जोड्यांतून अशा निवडी किती प्रकारे होतील? दोनाला दोनाने तेवीस वेळा गुणत जा: ८३ लाख ८८ हजार ६०८. जवळपास चौऱ्याऐंशी लक्ष! हा निव्वळ योगायोग आहे. कृपया यावरून कुणी आपल्या पूर्वजांना सूक्ष्मदर्शक ठाऊक होता, असे व्याख्यान देऊ नये. कोंबडीच्या ३९ जोड्यांचा हाच हिशेब सुमारे ५५ हजार कोटींवर जातो. करवानकाच्या २१ जोड्यांचा मात्र २१ लाखांच्याच आसपास थांबतो. सुट्या नाण्यांनी जितक्या तऱ्हांनी रक्कम भागवता येते तितक्या मोठ्या नोटांनी येत नाही. प्रत्येक पिढीत नवी जुळवाजुळव करायला सुटे हाताशी असलेले बरे. तरीही ससाणा मोठ्या नोटांवर जगतो आणि उत्तम जगतो, हे विसरता येत नाही. निसर्गाच्या पेढीत एकच नियम लावू गेलात की दुसरे खाते उघडून दाखवले जाते.

दुसऱ्या खात्यावरून आठवले. पिंजऱ्यात पाळतात त्या झेब्रा फिंच नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या शरीरभर ८० गुणसूत्रे असतात, पण नराच्या बीजपेशींत ८१. हे जादा गुणसूत्र शरीराच्या बाकी पेशींतून काढून टाकले जाते आणि सहसा आईकडूनच पुढे जाते. १९९८ साली हे उघड झाले तेव्हा एका पक्ष्याची लहर वाटली. २०१९ साली सोळा जातींचे गायक पक्षी तपासले, तर सगळ्यांकडे ते निघाले. बाहेर दाखवायची वही वेगळी, आतली वेगळी! बँकेत असे कुणी करताना सापडला असता तर त्याचे काय झाले असते, ते सांगायला नको.

हा सगळा विषय पक्षीवेड्यांपुरता आहे, असे कुणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली अशी की गड्ड्या बदलणे आणि ऐवज वाढणे यांतला फरक माणसाच्या घरातही येतो. हजारात साधारण एका माणसाची दोन गुणसूत्रे जोडली जाऊन एकूण ४५च भरतात. तो माणूस धडधाकट असतो, बहुधा त्याला पत्ताही नसतो. पण त्या जोडामुळे काही जोडप्यांत गर्भ पुन्हा पुन्हा टिकत नाही, आणि आपल्याकडे अशा वेळी बोट कुणाकडे वळते ते सर्वांना ठाऊक आहे. जोड नवऱ्यातही असू शकतो. तपासणी दोघांची करायची असते. उलट एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत आली की आकडा ४७ होतो आणि डाऊन सिंड्रोम उद्भवतो, हे १९५९ साली फ्रान्समध्ये उमगले. तिथे मात्र ऐवजच वाढलेला असतो.

दुसरी गोष्ट मुलगा-मुलगीची. माणसात ते बापाकडून ठरते, कारण दोन तऱ्हेची गुणसूत्रे, एक्स आणि वाय, त्याच्याकडे असतात. पक्ष्यांत उलट. नराकडे दोन्ही झेड. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. अंडे नराचे की मादीचे, हे कोंबडी ठरवते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूने खुशाल कोंबडीला बोल लावावा. निदान शास्त्राला धरून तरी होईल.

या डब्ल्यूवर आज एक मोठे काम अवलंबून आहे. आपली गिधाडे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती लाखोंनी मेली. २००६ साली गुरांसाठी ते बंद झाले, तोवर आकाश रिकामे झाले होते. आता हरयाणातल्या पिंजोरसारख्या केंद्रांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या देखरेखीखाली त्यांची पैदास होते आणि तिथली काही २०२४ साली पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. आणि नर कोणता, मादी कोणती, हे बाहेरून पाहून कळत नाही! दोन नर एका पिंजऱ्यात ठेवले तर वर्ष फुकट. एक जनुक असे आहे की ते झेडवरही असते आणि डब्ल्यूवरही, पण लांबीत थोडे वेगळे. रक्ताच्या थेंबातून किंवा पिसातून ते तपासले की नराची एक रेघ उमटते, मादीच्या दोन. भारतीय संशोधकांनी आपल्या गिधाडांवर ही पद्धत वापरून दाखवली आहे. या गिधाडांच्या कुळाची गुणसूत्रे ६६. ठिपके थोडेच, बहुतेक मोठ्यांत जुळून गेलेले. कुणीतरी कधीकाळी ती चिकाटीने मोजली, वेगळी ओळखली, म्हणून आज हे शक्य आहे.

ते 'कुणीतरी' आपल्याकडेही होते. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. एस. पी. रायचौधुरी यांच्याभोवती असे मोजणाऱ्यांचे एक घराणेच उभे राहिले. भारतीय पक्षी, साप यांची गुणसूत्रे त्यांनी डोळ्यांत तेल घालून मोजली. पुढे देशात डीएनए ठसेतंत्र रुजवणारे डॉ. लालजी सिंग याच घराण्यातले. त्यांची सुरुवात सापांच्या गुणसूत्रांपासून झाली. आज विद्यापीठांत हे काम जुनाट समजले जाते. सगळ्यांना थेट धागा वाचायचा असतो, मोजत कोण बसतो?

माझा आक्षेप इथे आहे. जगात पक्ष्यांच्या अकरा हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या साधारण दहातल्या एकीचीच गुणसूत्रे मोजून झाली आहेत. धागा वाचण्याचे काम उद्याही करता येईल. संग्रहालयातल्या वाळक्या कातडीतूनही डीएनएचे तुकडे मिळतात. गुणसूत्रे मोजायला मात्र सहसा जिवंत, दुभंगणारी पेशी लागते. नाहीशा झालेल्या गुलाबी डोक्याच्या बदकाची कातडी आहेत, पण त्यांवरून आता त्याची गुणसूत्रे मोजता यायची नाहीत. ते खाते बंद.

यासाठी पक्षी मारावा लागत नाही. वाढत्या पिसाच्या मुळाशी असलेल्या गरात हव्या तशा पेशी असतात. एक पीस पुरते. दर संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षी आपल्या शहरांतल्या पशुरुग्णालयांत आणि बचाव केंद्रांत येतात. घारी, घुबडे, बगळे, शराटी. पशुवैद्य त्यांना हातात धरतातच. वनखात्याने एकदा परवानगीची पद्धत घालून द्यावी, जवळच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने एक थंड पेटी आणि एक विद्यार्थी पाठवावा. खर्च फार नाही. लागते ती ठिपके मोजत बसण्याची तयारी, आणि दोन वेळा मोजून आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा मोजण्याची.

सुरुवात करवानकापासून केली तरी चालेल. युरोपातल्या करवानकाच्या नोंदीत ४० आणि ४२ असे दोन आकडे आहेतच. आपल्या माळावर संध्याकाळनंतर शीळ घालणारा भारतीय करवानक आता वेगळी जात मानला जातो. त्याची मोजणी इथेच व्हावी. सोलापूर-नगरकडच्या माळांवर तो अजून भेटतो, रात्री गाडीच्या दिव्यांत त्याचे डोळे चमकतात. माळ नांगरले जाण्याआधी कुणीतरी त्याच्या एका पिसापर्यंत पोचायला हवे.